कासव काढा, पण समुद्रातलं

महोदय,

आमच्याकडच्या एका विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला यंदा ऑलिव्ह रिडले कासव शुभंकर म्हणून लाभलं. निवड झकास. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत अंडी घालायला येतं ते हेच; वेळासला २००२ पासून या अंड्यांची राखण होते आहे. घोडं अडलंय ते चित्रापाशी. पोस्टरवरच्या कासवाला नखं असलेले चार जाड पाय आहेत आणि मुंडकं निम्मं कवचात! समुद्री कासवाला मुंडकं आत घेताच येत नाही, आणि पायांच्या जागी त्याला वल्ह्यांसारखे चपटे पर असतात. हे तर कुणाच्यातरी विहिरीतलं कासव. (काळा चष्मा चढवलाय, तो एकवेळ चालेल.)

त्यावर कडी म्हणजे हेच कासव परवा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर झळकलं. पदवीपत्रावरच्या बोधचिन्हाला कुणी असा हात लावत नाही, मग शुभंकर काय वाऱ्यावर सोडलाय? त्याने मैदानात नाचावं, पोरांना हसवावं, टी-शर्टावर मिरवावं. पण कुठे वापरायचा आणि परवानगी कुणाची, हे विद्यापीठाने लेखी ठरवावं. आणि पुढचं पोस्टर छापण्याआधी चित्र किनाऱ्यावरच्या एखाद्या कासवमित्राला दाखवावं.

– एक वाचक, दापोली