टक्क्यांबरोबर साल आणि स्रोतही सांगा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

भारत आणि चीन यांच्या शिक्षणावरील सरकारी खर्चाची तुलना आपल्याकडे वरचेवर होते आणि ती बहुधा एकाच वाक्यावर थांबते: चीन चार टक्क्यांच्या वर, आपण तीनच्याही आत. मुळात हा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. २०२२-२३ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात केंद्र व राज्ये मिळून हा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.९ टक्के दाखवला आहे, तर शिक्षण मंत्रालय इतर खात्यांचा शिक्षण-प्रशिक्षणावरील खर्चही धरत असल्याने त्याचा आकडा चारच्या पुढे जातो. चीनच्या चार टक्क्यांतही शिक्षणासाठीचे अधिभार (म्हणजे करांवरची जादा आकारणी) आणि सरकारी उद्योगांनी चालवलेल्या शाळांचा खर्च मोजलेला असतो. त्यामुळे नुसत्या टक्क्यावरून हमरीतुमरीवर येण्यात हशील नाही. दोन्ही देशांनी दिलेला शब्द कसा पाळला, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल.

१९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने (ज्याचे सदस्य-सचिव आमच्या जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते) सहा टक्क्यांचे उद्दिष्ट मांडताना १९८५-८६ हे सालही सांगितले होते. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहा टक्के स्वीकारले, साल मात्र गाळले आणि ते शक्य तितक्या लवकर गाठण्याची इच्छा तेवढी नोंदवली. १९८६ च्या धोरणात आठव्या पंचवार्षिक योजनेपासून खर्च सहाच्या वर नेण्याची ग्वाही होती. ती योजना आली आणि गेली. २०२० च्या धोरणातही सहा टक्के आहेतच, आणि तेही लवकरात लवकर.

चीनने १९९३ मध्ये चार टक्क्यांचे, म्हणजे तुलनेने माफक, उद्दिष्ट ठरवून २००० सालची मुदत घातली. ती हुकली, आणि चांगली बारा वर्षांनी हुकली. परंतु २०१० मध्ये २०१२ ही नवी मुदत ठरली तेव्हा पैसा कोठून येणार हेही लगोलग ठरले. स्थानिक शिक्षण अधिभार देशभर सरसकट दोन टक्के करण्यात आला आणि जमिनींच्या हस्तांतरणातून स्थानिक सरकारांच्या पदरी पडणाऱ्या निव्वळ उत्पन्नातील १० टक्के रक्कम २०११ पासून शिक्षणासाठी बाजूला काढणे बंधनकारक झाले. २०१२ मध्ये चार टक्के ओलांडले गेले. आपल्याकडेही २००४ पासून शिक्षण उपकर आहे. पण उपकराची रक्कम राज्यांना वाटून द्यायच्या करनिधीत येत नाही, आणि शिक्षणाचा बहुतांश खर्च तर राज्येच उचलतात.

शब्दामागे पैसा उभा करण्यातला हा फरक लहान शाळेपाशी सर्वांत ठळक होतो. शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी ठेवायचा आणि उरलेल्यात वीजबिल, खडू, हजेरीपत्रके आणि किरकोळ दुरुस्त्या भागवायच्या. चीनमध्ये २०२३ पासून प्राथमिक शाळेला चालू खर्चासाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला किमान ७२० युआन मिळतात, आणि ग्रामीण शाळेचा पट १०० च्या आत असला तरी हिशेब १०० मुलांचाच होतो. म्हणजे २२ मुलांच्या शाळेलाही ७२,००० युआन, आपले आठ लाखांहून अधिक रुपये. दोन्ही अनुदानांतील बाबी तंतोतंत सारख्या नाहीत, आपल्याकडे क्रीडा व ग्रंथालयाचे पैसे वेगळे येतात आणि चीनचे दरडोई उत्पन्नही आपल्या कित्येक पट आहे, हे सगळे मान्य. तरीही पट घसरला की पैसाही घसरणार, हे सूत्र त्यांनी मोडले आहे. (चीनचे सगळेच गोमटे आहे असे नव्हे. २००१ नंतर तिथे खेड्यांतील शाळा धडाधड बंद झाल्या आणि २०१२ मध्ये सरकारलाच त्याला लगाम घालावा लागला.)

आपल्या राज्याने २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे जवळपासच्या लहान शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले होते. तो विचार पुढे नेण्याआधी अशा शाळांच्या अनुदानाला किमान किती पटाचा आधार द्यायचा, हे शासनाने जाहीर करावे; आणि केंद्राने येत्या अर्थसंकल्पात सहा टक्क्यांपुढे साल लिहावे व त्यासाठीचा निधी कोणत्या करातून उभा राहणार तेही सांगावे.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. कोल्हापूर