रोबो आत शिरणार कुठून?

महोदय,

कालच्या अंकात घशाच्या कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रियेवर अर्धे पान खर्ची घातलेत. 'ना चिरा, ना टाका, चार दिवसांत घरी' हा मथळा ज्यांनी दिला त्यांचे अभिनंदन. इस्पितळांची माहितीपत्रके लिहिणारेसुद्धा इतके हात सैल सोडत नाहीत.

तंत्र चांगले आहे, त्याबद्दल वाद नाही. पूर्वी जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलजवळ पोचायला कधी कधी ओठ चिरून जबडा कापावा लागे, ते यामुळे टळते. अमेरिकेत 2009 च्या डिसेंबरात 'दा विंची' या रोबोटिक यंत्राला घशातल्या लहान गाठींसाठी परवानगी मिळाली, तीही उगीच नव्हे. पण आजार मानेत पसरल्यामुळे मानेतल्या गाठी काढायच्या झाल्या की मानेवर चिरा येतोच आणि टाकेही येतात. शिवाय पुष्कळांना नंतर रेडिएशन घ्यावेच लागते. हे आपल्या लेखात कुठे आहे? मी दोनदा शोधले.

आणि मुख्य गोष्ट राहिलीच. हे सगळे तोंडातून होते. तेव्हा तोंड उघडायला नको का?

माझे भावोजी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले. घरचे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्यामुळे सुपारी लहानपणापासून खिशात. तंबाखूला आयुष्यात शिवले नाहीत आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! टॉन्सिलवर गाठ निघाली, सुदैवाने अगदी सुरुवातीची. राज्याबाहेरच्या एका खासगी इस्पितळात गेलो. डॉक्टर भेटण्याआधीच एक टायवाला मुलगा भेटला, गुळगुळीत कागदाचे पत्रक हातात ठेवून म्हणाला, "काका, रोबोटिक घ्या, सगळे हेच घेतात." जणू आम्ही मिक्सर घ्यायला आलो होतो. घरात दोघेच, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर मर्यादा तेव्हा अडीच लाखांची. पॅकेज त्याच्या बरेच वर. ताईने पाटल्या काढून ठेवल्या, आगाऊ रक्कम भरली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो झाला. मग एकदाचे मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, "आ करा."

भावोजींच्या तोंडात जेमतेम दोन बोटे मावतात. सुपारीने गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, हे गोव्यातला कुठलाही दातांचा डॉक्टर सांगेल. डॉक्टरांनी टॉर्च विझवला आणि सांगितले की यंत्राचे हात आत जाणार नाहीत, शस्त्रक्रिया या पद्धतीने शक्य नाही. हे पहिल्या दिवशी, पैसे घेण्याआधी पाहता आले नसते? त्याला यंत्र लागत नाही, बोटे लागतात. आगाऊ रकमेतली काही 'प्रक्रिया शुल्क' म्हणून कापली गेली. कसली प्रक्रिया, ते अजून कोणी सांगितलेले नाही.

पुढे मुंबईत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले तेव्हा कळले की अशा सुरुवातीच्या गाठीला रेडिएशन हा तितकाच मान्य उपाय आहे. त्या खासगी इस्पितळात मात्र आम्ही तो शब्द काढला तर 'ते आता जुने झाले' असे उत्तर मिळाले होते. माझी भाची फार्मसी शिकते, तिने खोदून काढले: कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या सहा इस्पितळांत 68 रुग्णांवर दोन्ही उपचारांची तुलना झाली, निष्कर्ष 2019 साली छापून आले. वर्षभरानंतर गिळण्याच्या बाबतीत रेडिएशनवाल्यांचे गुण किंचित जास्तच होते, पण फरक इतका लहान की डॉक्टर त्याला फारसे महत्त्व देत नाहीत. शस्त्रक्रियेच्या गटात एक रुग्ण रक्तस्रावाने दगावला. रेडिएशनवाल्यांना कानात आवाज येणे, ऐकू कमी येणे हे त्रास झाले. म्हणजे दोन्हीकडे काही ना काही आहे. आपल्या लेखात एकाच बाजूचे आहे.

भावोजींनी रेडिएशन घेतले. आधी किडलेले दात काढावे लागले, तोंड कोरडे पडते, जेवताना पाण्याचा तांब्या बाजूला लागतो. तोंड आणखी मिटू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून रोज व्यायाम करतात. गाठ गेली आहे. सुपारी सोडली आहे असे ताईला सांगतात.

आता त्याच पानाबद्दल. रोबोच्या लेखाखाली पाव पानाची रंगीत जाहिरात कशाची होती, हे आपण पाहिलेत का? पान मसाल्याची. 'तंबाखूविरहित' असे ठळक अक्षरांत. तंबाखू नसलेल्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर करून वीसेक वर्षे झाली. वर उपचार, खाली आजार, मध्ये एक बारीक रेघ. मांडणी करणाऱ्यांना विनोदबुद्धी आहे म्हणायची.

गेल्या खेपेला माझे पत्र निम्मे कापून छापलेत. या वेळी कापायचेच असेल तर भावोजींचे कापा, जाहिरातीचे ठेवा. ते ठेवणार नाही हे ठाऊक आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, म्हार्दोळ