धोबी घाटापर्यंतची दहा मिनिटं

पुणे,
त्रिपुरी पौर्णिमा

प्रिय सुषे,

आठ दिवसांत तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही घेतला नाही. मेसेजला उत्तर म्हणून नुसता पणतीचा फोटो पाठवला. तुला राग आला असणार, यायलाच हवा. आम्ही सगळे बरे आहोत. रेवाची सर्दी गेली, माझी पाठ अधूनमधून धरते, बाकी ठीक.

फोन घेतला असता तर तू मध्येच म्हणाली असतीस, "अगं, पण सापडला ना!" आणि मी हो म्हणून गप्प बसले असते. म्हणून कागद घेतला. मुलं झोपलीत, मंदार अजून यायचाय.

आम्ही भाऊबीज करून त्याच रात्री सिंगापूरला निघालो, हे तुला माहीत आहे. दिवाळीतच का, यावरून सासूबाई थोड्या नाराज होत्या, पण कारण साधं होतं. रेवाला मार्चमध्ये दोन वर्षं पूर्ण होतील. तोवर तिला मांडीवर घेऊन नेता येतं, तिकीट अगदी स्वस्त पडतं. दोन झाली की तिची वेगळी सीट घ्यावीच लागते. मंदारने महिनाभर वहीत आकडे मांडले होते गं. तिच्या पासपोर्टसाठी आम्ही दोघांनी सह्या करून ते संमतीचं परिशिष्ट 'ड' दिलं, डोळे उघडे असलेला एक फोटो मिळेपर्यंत स्टुडिओवाल्याने चाळीस फोटो काढले. सासूबाईंनी नाराजी गिळून डबा भरून अनारसे दिले. ते मला निघायच्या दिवशी बाहेर काढून ठेवावे लागले, कारण त्यांच्यावर खसखस असते आणि सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. त्यांना ते काही केल्या पटेना. "खसखशीनं कुणाचं काय बिघडलंय?" मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व मात्र नेलं, आणि त्यावरच रेवा जगली.

पहिले दोन दिवस इतके छान गेले की ते आठवलं तरी आता छातीत कसंतरी होतं. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे सकाळचे नऊ म्हणजे मुलांच्या अंगात अजून साडेसहाच. आम्ही सकाळी कुठे जायचं सोडूनच दिलं. उशिरा उठायचं, लिटल इंडियात जाऊन इडली खायची (तिथलं कोमला विलास १९४७ सालापासून चालू आहे, रेवाने तिथे दोन इडल्या संपवल्या), दुपारच्या पावसात आत कुठेतरी बसायचं आणि संध्याकाळ मोकळी ठेवायची. गार्डन्स बाय द बेमधली ती लोखंडी झाडं, उंचातली उंच पन्नास मीटरची, रात्री पावणेनऊला गाण्यावर लुकलुकायला लागली तेव्हा दोघंही टक्क जागी होती. घरी असती तर तेव्हा कुठे सव्वासहा वाजले असते. विमानतळावरचा तो चाळीस मीटरचा धबधबा मात्र ओजसने एकदा बघितला आणि सरकत्या पट्ट्यावर परत गेला. मेट्रोत खायला-प्यायला बंदी, पाचशे डॉलरपर्यंत दंड, आणि ड्युरियनच्या, त्या फणसासारख्या काटेरी फळाच्या, चित्रावर काट मारलेली. ते बघून त्याने आजीला फोन लावायला लावला. "आजी, इथे फणसाला गाडीत बसू देत नाहीत."

तिसऱ्या दिवशी लिटल इंडिया स्टेशनवरून सेंटोसा बेटावर निघालो होतो. वर सेरंगून रोडवर दिवाळीच्या कमानी अजून लागलेल्या होत्या. रेवा नव्वद सेंटीमीटरच्या आत म्हणून तिला तिकीट नाही. ओजस वर म्हणून त्याचं वेगळं कार्ड, आणि ते स्वतःच टेकवायचं म्हणून तो सगळीकडे आमच्या चार पावलं पुढे. फलाटावर गाडी आली. मंदार बाबागाडीचं अडकलेलं चाक सोडवत होता. ओजसचा हात माझ्या हातात होता.

सुषे, होता. मग नव्हता. कमानींचा फोटो घरच्या ग्रुपवर पाठवायचा राहिला होता, आत गेल्यावर रेंज जाईल असं वाटलं, आणि मी हात सोडून दोन्ही हातांनी मोबाइल धरला. सूचनेचा टू टू आवाज झाला. मी वर बघितलं तर ओजस डब्यात, मी बाहेर. मध्ये काचेची दोन दारं, एक गाडीचं, एक फलाटाचं. तो हसत होता गं. शर्यत जिंकल्यासारखा काचेला दोन्ही पंजे लावून उभा होता. गाडी सुटली आणि ते पंजे माझ्या समोरून सरकत गेले.

मी फलाटभर पुढच्या टोकाकडे धावले, ड्रायव्हरला सांगायला. त्या मार्गावरच्या गाड्यांना ड्रायव्हरच नसतो. फलाटावर गाडी थांबवायचं बटण असतं, तेही मला नंतर कळलं. एक तमिळ कर्मचारी आला, त्याने वायरलेसवर काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाला, "नेक्स्ट स्टेशन, धोबी घाट." मला वाटलं, मला वेड लागलं. परक्या देशात, जमिनीखाली, पोर हरवलेलं, आणि हा माणूस मला धोबी घाट सांगतोय. खरंच तसं नाव आहे. पूर्वी तिथे ओढ्यावर आपल्याकडचे धोबी कपडे धूत असत. आजही ते नाव आठवलं की मला कृष्णेचा घाटच दिसतो.

पुढच्या गाडीने गेलो. सगळं मिळून दहाएक मिनिटं झाली असतील. दार उघडलं तर समोर बाकावर एक चिनी आजी, मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीतून पातीचा कांदा बाहेर आलेला. शेजारी ओजस पाय हलवत बसलेला. त्याने तिला आपल्या सोसायटीचं नाव, बी विंग, तिसरा मजला, सगळं मराठीत सांगून झालं होतं. आणि तिने त्याचा हात धरलेला नव्हता, मनगट धरलं होतं.

आता तुला कळलं ना, हे मी तुलाच का लिहितेय?

मी त्या आजीचे पाय धरायला हवे होते. मी काय केलं तर ओजसच्या थोबाडीत दिली. दहा मिनिटं न रडलेलं पोर तेव्हा रडलं. आजी काही बोलली नाही. तिने मनगट सोडलं नाही, उलट त्याला थोडं आपल्याकडे ओढलं, आणि मी शांत झाल्यावरच माझ्या हातात दिलं. तिला मी धड थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

सेंटोसाला गेलोच नाही. उरलेले तीन दिवस मंदारने ओजसला खांद्यावरून खाली उतरू दिलं नाही, प्राणिसंग्रहालयातही नाही. ओजस मजेत आहे. शाळेत सांगून आलाय की मी एकटा मेट्रोने गेलो. मंदार मात्र रात्री उठून दाराची कडी बघतो. म्हणतो, "माझ्यामुळे झालं. मी ते चाक सोडवत बसलो नसतो तर तू माझ्याकडे बघितलं नसतंस." मी त्याच्याकडे बघतच नव्हते, सुषे. त्याला वाटतंय की मी त्याला मदत करायला वळले आणि तेवढ्यात ओजसने हात सोडवून घेतला. मी तसं म्हटलं नाही, पण तसं नाहीये हेही म्हटलं नाही. मुलं दहा वर्षांची होईपर्यंत कुठे जायचं नाही असं त्याने जाहीर केलंय. ती आकडेमोडीची वही कपाटात वर ठेवून दिली. इतक्या हौसेनं लिहायचा त्यात. माझ्या गप्प बसण्याचं ओझं तो वाहतोय आणि मी समोर बसून त्याला पोळी वाढतेय.

आणि हे मी दुसऱ्यांदा करतेय.

निळ्या कंपासपेटीचं मी आजही मान्य करणार नाही, ती मी मोडली नव्हती, तुझ्या दप्तराखालीच ती चेपली. पण तुझ्या भावाचं, बाळ्याचं खरं सांगते. सांगलीत संस्थानच्या गणपतीच्या दिवशी त्याने माझा हात सोडला नव्हता. साखरफुटाण्यांनी त्याचा हात चिकट झाला होता, मला आत्याने शिवलेला नवा परकर जपायचा होता, आणि मी सोडला. दीड तासाने तो आयर्विन पुलापाशी पोलिसाच्या खांद्यावर सापडला, हातात भडंगाचा पुडा. सगळे हसले, आणि तेवढ्यात मी म्हटलं, "त्यानंच सोडवून घेतला." तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस. मी मनात तुलाच दोष देत राहिले, की एवढ्याशा गोष्टीवरून किती ताणते. तुला तेव्हाच माहीत होतं ना? काकूंनाही माहीत असणार. त्या मला रागावल्या नाहीत. माझा परकर झटकून दिला आणि एवढंच म्हणाल्या, "हात नाही गं धरायचा गर्दीत, मनगट धरायचं. हात निसटतो."

इतक्या वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आजीची बोटं ओजसच्या मनगटाभोवती बघितली आणि काकूंचा आवाज कानात आला.

मंदारला मी रविवारी सांगणार आहे. मुलं आईंकडे असतील. तो काय म्हणेल ते म्हणू दे, पण त्याने ती कडी बघायची थांबवायला हवी. त्याच्याआधी तुला सांगायचं होतं, कारण तुझं आधीचं होतं.

तुझं कसं चाललंय ते मी विचारलंच नाही. काकूंच्या गुडघ्याची तारीख मिळाली का? त्या दिवशी मी येईन, रजा टाकून येईन. तनूचं दहावीचं वर्ष, तिला माझ्याकडून काही ओरडू नकोस. तुझ्या ह्यांच्या बदलीचं काय झालं ते सविस्तर लिही, फोनवर तू नेहमी उडवून लावतेस.

बाळ्याचा नवा नंबर माझ्याकडे नाही, तेवढा पाठव. त्याला बहुतेक काहीच आठवत नसेल. तरी त्याला मी स्वतः सांगते.

तुझी,
विनू

ता. क. अनारशांचा डबा तसाच राहिला होता, तो सोबत पाठवतेय. दोन तुटलेत.