'गेयता' लिहिण्याआधी अक्षरे मोजा

मा. संपादक,

कवितेच्या रसग्रहणासाठी मार्गदर्शक पुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते: 'यमकामुळे कवितेला गेयता आली आहे.' ते कोणत्याही कवितेखाली खपते, म्हणजेच त्या कवितेबद्दल काही सांगत नाही.

त्याऐवजी पेन्सिल घ्यावी. लघू म्हणजे ऱ्हस्व उच्चाराच्या अक्षरावर अर्धचंद्र, गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराच्या अक्षरावर आडवी रेघ. चुका होतात त्या इथेच. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हे पाठ असते. 'आघात येत असेल तर', म्हणजे उच्चारात त्या अक्षरावर जोर पडत असेल तर, ही अट मात्र निसटते. 'पुण्यात राहतो' यातला 'पु' लघू, पण 'पापात नि पुण्यात' यातला गुरू! लेखन एकच, म्हणून मोठ्याने म्हणूनच ठरवावे. 'तिच्या', 'तुझ्या' यांतही पहिले अक्षर लघूच. उलट 'घर' बोलताना एका झटक्यात येते, तरी वृत्तात अक्षरे दोन. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ अशी मांडली की लघू-गुरू-गुरू हा य गण (तीन अक्षरांचा गट) 4 वेळा येतो. हे 12 अक्षरांचे भुजंगप्रयात वृत्त. अभंगाला मात्र गण लावत बसू नये. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरे, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत; ते चौथ्यात शोधणारा फसतो.

यमक तपासताना आधी प्रत्यय खरवडून काढावा. 'घरात-गावात' यात जुळतो तो नुसता 'आत'. 'मनात-वनात' यात मूळ शब्दही जुळतात. 'उभे विटेवरी, कर कटावरी' इथे 'वरी' काढल्यावरही 'ट' उरतो, म्हणून ते कानाला पक्के लागते. पालुपदाचे, म्हणजे कडव्यांनंतर पुन्हा येणाऱ्या ओळीचे, तर 'पुनरुक्तीमुळे सौंदर्य' एवढ्यावर भागवतात. खरे पाहायचे ते हे की, शेवटच्या फेरीत त्यातला एखादा शब्द बदलला का आणि तेच शब्द नव्या कडव्यानंतर वेगळे ऐकू येतात का.

एखादी ओळ वृत्तात बसत नसेल, तर कवीला दोष देण्याआधी छपाई पाहावी. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मुभा मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच आहे. मुद्रितशोधक शुद्धलेखन म्हणून ते 'सुधारतात' आणि एक मात्रा (उच्चाराच्या कालावधीचे माप) घसरते. आपल्या रविवार पुरवणीत कविता छापतानाही एवढे पाहावे, ही विनंती.

– मराठीचे अध्यापक, सदाशिव पेठ, पुणे