मामा, त्या मुठीसाठी

मामा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. मार्चमध्ये जुळे सोलापुरात तुम्ही आमच्या शेजारचा कडुलिंब छाटायला आला होतात. मी नाकाला पदर लावून, घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा ड्रम फाटकाबाहेर ओढत होते आणि तुम्ही कोयता खाली ठेवून आलात.

काल त्याच खतावर वाढलेली पहिली वांगी तोडली. हातात घेतली आणि रडूच आलं.

तुम्ही यायच्या आधीचे दोन महिने वाईट गेले होते. ज्याने ड्रम आणि कचरा कुजवायच्या पावडरीच्या पुड्या विकल्या, तो ‘वासबिस काही येत नाही, ताई’ म्हणाला होता. वास सुटल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. एका जाणकाराने आणखी महागाची पावडर सुचवली. गल्लीतले लोक आमच्या दारावरून जाताना मुद्दाम थुंकायचे. झाकण उघडून आत मात्र एकानेही पाहिलं नाही.

तुम्ही बाही वर सारून कोपरापर्यंत हात घातलात. आत अळ्या वळवळत होत्या, डाळिंबाच्या साली आणि भाजीच्या देठांचा काळा चिखल झाला होता. त्यातलं मूठभर काढून पिळलंत, बोटांमधून धारच लागली. ‘पोरी, कचरा बिघडला नाही. नुसतं ओलं खाऊन अजीर्ण झालंय त्याला,’ म्हणालात. मग कडुलिंबाखालचा सुका पाला दोन पोती आणून थर दिलेत. एक घमेलं ओलं तर दोन घमेली सुकं, चार दिवसांनी खालीवर करायचं, आणि मूठ दाबली की एखादाच थेंब सुटावा एवढीच ओल. मे संपेपर्यंत पहिल्या पावसानंतर सुटतो तसा मातीचा वास यायला लागला.

हे कुणीही सांगू शकलं असतं. पण त्या घाणीत हात घालताना तुमच्या कपाळावर एक आठी नव्हती, ते माझ्या मनातून जात नाही. मला ज्याची लाज वाटत होती, ते तुम्ही कणीक चाचपावी तसं चाचपलंत. हात धुवायला मी बादली आणली. इथे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या तांब्यात हात धुतलेत, तेही कढीपत्त्याच्या बुंध्याशी. पैसे पुढे केले तर नुसते हसलात.

उन्हाळ्यात आपल्या दारापुढे वाटसरूंसाठी माठ भरून ठेवणारी माणसं या गावात अजून आहेत. तुम्ही त्यांच्यातले. आपलं काम नसताना थांबणारे.

आमची काळी माती उन्हात भेगाळायची आणि पावसात पायाला चिकटून बसायची. आता वाफ्यात खुरपं सहज जातं. तुम्ही पाहिलंत तर खूश व्हाल.

चार वांगी झाडावरच राखून ठेवलीत. शेजारच्या काकूंकडे निरोप दिलाय. आलात की फाटक वाजवा, मी भाकरी टाकते.