खडेबाजारातल्या घड्याळवाल्या काकांना

काका नमस्कार, तुमच्याकडं बटणांचा फोन, त्यामुळं तुम्ही काय हे वाचणार नाहीसा, पण पोरगा वाचून दाखवील म्हणून लिहायलोय.

गणपतीच्या आधी मी निपाणीहून पप्पांचा यशिका मॅट १२४जी कॅमेरा घेऊन आलतो बघा, त्यावर त्यांनी कितीतरी लग्नं काढली. शटरची पाती चिकटलेली, एक सेकंदावर लावलं की उघडायचं आणि तसंच राहायचं. आधी एका दुकानात दिलता, त्यांनी कसलातरी स्प्रे मारला, दोन दिवस चालला की परत तेच. म्हणून मी स्वतःच साफ करायला एनसी थिनर, रंग पातळ करायचं ते, आणलेलं, ती बाटली पिशवीत दिसल्याबरोबर तुम्ही ओरडलासा, "अरे आतला काळा रंग, प्लास्टिक सगळं खाईल ते!"

मग पेट्रोल चालंल काय विचारलं तर काही न बोलता काचेचा तुकडा पुसलासा आणि त्यावर पेट्रोल, सॅनिटायझर आणि लायटरात भरायचं नॅफ्था, एकेक थेंब टाकून चहा सांगितलासा. चहा संपेतोवर पेट्रोलचा गोल डाग उमटलेला, सॅनिटायझर बोटाला चिकट, नॅफ्थाच्या जागी काच कोरी. मला एवढ्यातच सगळं कळलं.

आणि नॅफ्थाची बाटली उघडायच्या आधी तुम्ही उठून देवाजवळची उदबत्ती विझवलासा, वाफ जड असते, खाली बसून लांबची आग पण धरते म्हणून. हे मला कुणी सांगितलं नसतं.

ओतायचं नाही, पुढची लेन्स काढून कापसाच्या काडीवर थेंबभर. पहिल्याच खेपेला शटर खटाखट चाललं, मी खूश, दहा मिनिटात परत चिकटलं आणि तुम्ही हसायलासा, पात्यांवरचं जुनं तेल गेलंच नव्हतं की, पातळ होऊन पसरलतं. चार खेपा झाल्या. मी मशीनचं तेल सोडू काय विचारलं तेव्हाचा तुमचा चेहरा आठवतोय, पाती कोरडीच चालतात हे आता विसरणार नाही. मागच्या दाराचा डांबरासारखा झालेला फोम मात्र मोबाईल रिपेरीवाल्याकडच्या आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, निघाला, तेही तुम्हीच सांगितलेलं.

पैसे चहाचेच घेतलासा, त्याचं मला अजून बरं वाटत नाही. एक सेकंदावर आता घर्रर्र करून बरोबर मिटतंय. रोलमधल्या बारातले तीन फोटो तुमचेच आहेत, धुऊन आले की घेऊन येतो, आणि तो काचेचा तुकडा चुकून माझ्या पिशवीत आलाय, तो पण.