बसच चालवायची, तर खांबांवर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ आला, की नाशिकच्या मेट्रो निओचा विषय पुन्हा निघतो. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा मलाही आनंद झाला होता. पुढे नीट वाचलं तेव्हा कळलं, की यात रूळच नाहीत. रबरी टायरच्या, डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्या लांबलचक बसगाड्या, आणि त्यांच्यासाठी खांबांवर उभारलेला रस्ता. गंगापूर ते नाशिकरोड असा हा मुख्य मार्ग. बसच चालवायची आहे, तर ती जमिनीवरून का नको?

माझी आई ७४ वर्षांची आहे. नाशिकरोडहून सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, ती महापालिकेच्या सिटीलिंक बसने जाते. बसची पायरी चढतानाच तिचे गुडघे बोलतात. उंच स्टेशनावर लिफ्ट असेल, मान्य. पण लिफ्टपर्यंत जायला धड पदपथ हवा आणि ती रोज चालूही हवी. द्वारका चौकातच पाहा ना. पादचाऱ्यांसाठी तिथे भुयारी मार्ग बांधला, तरी लोक गाड्यांमधून वाट काढत वरूनच रस्ता ओलांडत राहिले. हातात भाजीची पिशवी आणि कडेवर मूल असलेल्या बाईला त्यासाठी दोष कसा द्यायचा?

बससाठी जमिनीवरच राखीव मार्गिका ठेवायचं नाव काढलं, की सगळे पुण्याकडे बोट दाखवतात. सातारा रस्त्यावर २००६मध्ये बीआरटी, म्हणजे अशी राखीव बस-मार्गिका, सुरू झाली आणि तिच्यात दुचाक्या घुसल्या, हे खरंच आहे. पण अहमदाबादेत जनमार्गच्या बस २००९पासून रस्त्याच्या मधल्या राखीव मार्गिकेतून धावताहेत. आपल्याकडे त्यासाठी खासगी गाड्यांकडून रस्त्याचा एक पट्टा काढून घ्यावा लागेल. त्यावर ओरड होईल, आणि ती सोसायची कुणाची तयारी नाही. खांब उभारले, की कारवाल्याचा रस्ता त्याच्याकडेच राहतो आणि जिने मात्र बसवाल्यांनी चढायचे.

महापालिकेने २०२१च्या जुलैत सिटीलिंक सुरू केली. तिचे प्रवासी आजही त्याच कोंडीत अडकतात. नाशिकरोड ते द्वारका एवढ्याच पट्ट्यात सहा महिने बसला राखीव मार्गिका द्या, थांब्यांवर सावली करा, पदपथ मोकळे करा. खांबांचा निर्णय त्यानंतर घ्या.

– एक वाचक, नाशिकरोड